सूर्य उगवल्यावर निघू नका: अंकोर वाटच्या पहाटेबद्दल

प्रश्न पुण्याहून आला आहे. नवरा-बायको, अकरा वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई असे चौघं डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कंबोडियात सिएम रीपला तीन रात्री राहणार आहेत. हॉटेलनं जवळच्या अंकोर वाट मंदिराची 'प्रायव्हेट सनराइज टूर' सुचवली आहे. पहाटे चारला उठवण्याइतकं तिथे खरंच काही आहे का, खाजगी टूरचे जास्तीचे पैसे वसूल होतात का आणि गुडघेदुखी असलेल्या सासूबाईंना ते झेपेल का, असं विचारलं आहे.

आधी सरळ उत्तर देते. खाजगी टूर घ्या. पण ती सूर्योदयासाठी घेऊ नका, सूर्योदयानंतरच्या दोन तासांसाठी घ्या.

मी चौदा वर्षं छोट्या मराठी गटांना तिकडे घेऊन जाते. आखणी माझी, मंदिरात माहिती सांगायचं काम तिथल्या परवानाधारक गाइडचं. पहिल्या खेपेला मात्र मी एका सहल कंपनीची नोकर होते आणि माझ्या गळ्यात बावीस जणांची बस होती. साडेचारला सुटायची ती बस पाच वाजून दहा मिनिटांनी सुटली, कारण दोन काकांचं चहाशिवाय पोट साफ होत नव्हतं. तळ्याकाठी पोचलो तर पुढे माणसांच्या पाच-सहा रांगा. आमच्या लोकांनी सूर्योदय पाहिला तो पुढच्या माणसाच्या मोबाइलच्या पडद्यावर. वर सव्वासातला मीच शिट्टी मारून सगळ्यांना बाहेर काढलं, कारण हॉटेलचा नाश्ता नऊला बंद होणार होता. ज्या मंदिरासाठी एवढा पैसा खर्चून आले, त्याच्या आत पाऊलही न टाकता परतले. दुपारी बाराला पुन्हा आणलं तेव्हा दगड तापलेले, माणसं पेंगुळलेली. एक काकू मला म्हणाल्या, "अगं, फोटोत बरं दिसतं." ते वाक्य अजून डोक्यात आहे.

तर 'प्रायव्हेट' या शब्दाबद्दल आधी. जाहिरातीत रिकाम्या मंदिरासमोर दोन माणसं उभी असतात. तसं होत नाही. गाडी तुमची, गाइड तुमचा, मंदिर सगळ्यांचं. तुम्ही पैसे मोजता ते वेळ आणि क्रम तुमच्या हातात राहावा म्हणून. बाकीचे जिथे जातात तिथे तुम्ही अर्धा तास आधी किंवा नंतर जाऊ शकता. हॉटेलनं ठरवून दिलेल्या वेळापत्रकानं सगळ्यांबरोबरच फिरायचं असेल तर खाजगी गाडी कशाला? टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, पुरे.

आता सूर्य नेमका कुठे असतो ते सांगते, कारण अर्धी निराशा तिथूनच सुरू होते.

अंकोर वाट पश्चिमाभिमुख आहे. दुसऱ्या सूर्यवर्मा राजानं बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते विष्णूसाठी बांधलं. आपल्याला मंदिर पूर्वाभिमुख असायची सवय, पण कोल्हापूरची अंबाबाई आठवा. तिथेही दार पश्चिमेला आहे, म्हणून किरणोत्सव मावळतीला होतो. अंकोरलाही दर्शनी बाजूवर ऊन पडतं ते दुपारनंतर. पहाटे तुम्ही पश्चिमेकडून, म्हणजे समोरून पाहता तेव्हा सूर्य मंदिराच्या पाठीमागे असतो. दिसते ती फक्त काळी आकृती: पाच शिखरं, मागे रंग बदलणारं आभाळ आणि तळ्यात त्याचं उलटं चित्र. सुंदरच आहे. पण त्या वेळी मंदिरावरची एकही रेघ दिसत नाही, हे आधीच कळलेलं बरं.

सूर्य बरोबर मधल्या शिखरावर बसल्याचा जो फोटो सगळीकडे फिरतो, तो मधल्या रस्त्यावरून मार्च आणि सप्टेंबरातल्या विषुवदिनाच्या आसपास मिळतो. डिसेंबरात सूर्य पूर्वेच्या बराच दक्षिणेला सरकलेला असतो, त्यामुळे मधल्या रस्त्यावर उभं राहिलात तर तो मंदिराच्या उजव्या अंगाला निघतो. उत्तरेच्या तळ्याकाठून, म्हणजे मंदिराकडे तोंड केल्यावर डावीकडच्या, तिरकं पाहिलं तर तो शिखरांच्या जवळ येतो. म्हणजे तुमच्या महिन्यात डावं तळंच बरं. गर्दीही तिथेच असते, त्याला इलाज नाही.

दुसरी गंमत वेळेची. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे सूर्योदय साधारण सहा वीसला. पण मधलं शिखर जमिनीपासून 65 मीटर उंच, शिवाय मागे झाडी. सूर्याचा गोळा त्यामागून डोकं काढायला आणखी अर्धा-पाऊण तास सहज जातो. रंग मात्र त्याआधीचे असतात, पावणेसहापासून सहा-सव्वासहापर्यंत: आधी जांभळट, मग केशरी, मग एकदम पांढुरकं. त्यानंतर मधे एक कंटाळवाणा काळ येतो, आभाळ उजळलेलं आणि सूर्य बेपत्ता. लोक घड्याळ बघतात, "आज ढग आहेत वाटतं" म्हणतात आणि चुळबुळ करतात. तुम्ही याच वेळी तळं सोडा आणि आत जा.

मी काय करते ते सांगते. पाचला दार उघडतं. आम्ही पावणेपाचला हॉटेल सोडतो. शहरातून अंतर फार नाही, वीसेक मिनिटं. (तिथलं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. चारला उठवलेल्या मुलासाठी पुण्यात अडीच वाजलेले असतात. त्याला शिव्या देऊ नका.) खंदक ओलांडायचा, तो जवळपास 190 मीटर रुंद आहे, आणि पश्चिमेच्या गोपुरात शिरायचं. इथे बहुतेक जण बॅटरी रोखून धावत पुढे जातात. आम्ही उजवीकडे वळतो. तिथे अंधारात तीन मीटरहून उंच, आठ हातांचा विष्णू उभा आहे. स्थानिक लोक त्याला 'ता रीच' म्हणतात. अंगावर बौद्ध पद्धतीचं पिवळं-केशरी वस्त्र, पायाशी उदबत्त्या, फळं, कमळाच्या कळ्या. मूर्ती विष्णूची, पूजा बौद्धांची, आणि पहाटे पाचला एखादी म्हातारी तिथे हात जोडून बसलेली असते. सासूबाईंना इथे पाच मिनिटं द्या. त्यांच्या दृष्टीनं सहलीचं सार्थक इथेच होईल, पुढचं सगळं वरकमाई.

मग तळं. सव्वासहापर्यंत थांबायचं, हवे तेवढे फोटो काढायचे, आणि गर्दी सूर्याची वाट बघत असताना सरळ मंदिरात. बाहेरची ओवरी धरून पूर्वेच्या बाजूला जायचं. सातच्या सुमारास तिथे पोचलात तर मागच्या रानावरून आलेलं पहिलं कोवळं ऊन खांबांमधून आत आलेलं असतं आणि समोरच्या भिंतीवर समुद्रमंथन असतं.

ही भिंत सुमारे 49 मीटर लांब आहे. मी तिच्यासमोर किती वेळा उभी राहिले असेन, मोजलेलं नाही. डावीकडे 92 असुर, उजवीकडे 88 देव, सगळ्यांच्या हातात वासुकी, मधे कूर्मावर टेकलेला मंदराचल आणि त्याच्या पुढ्यात विष्णू. हे गाइड सांगेलच. तुम्ही खाली बघा. तळाच्या पट्टीत समुद्र कोरला आहे: मासे, मगरी, कासवं, कुठली कुठली जलचरं. कडेला ते धडधाकट पोहताहेत. जसजसं मध्याकडे जाल तसतशी त्यांची दाटी होते, आणि अगदी रवीपाशी आलात की मासे तुटलेले दिसतात. अर्धा मासा इकडे, शेपूट तिकडे. घुसळणीचा जोर कसा दाखवायचा, हा प्रश्न त्या कारागिरानं मासे कापून सोडवला. दुपारच्या सपाट उजेडात हे नीट दिसत नाही, सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक खवला उठतो. तुमच्या मुलाला सांगा, पहिला तुटलेला मासा तू शोध. अकरा वर्षांच्या मुलाला बाराव्या शतकाशी जोडायची माझ्याकडे याहून चांगली युक्ती नाही.

आणि गर्दी? गर्दी त्या वेळी तळ्याकाठच्या टपऱ्यांवर कॉफी पीत असते, नाहीतर नाश्त्यासाठी हॉटेलच्या वाटेवर असते. साडेसहा ते आठ, साडेआठ हा तिथला सोन्यासारखा वेळ.

या ओवऱ्या कुठल्या दिशेनं पाहायच्या, हेही सांगून ठेवते. पश्चिमेच्या दारातून शिरून उजवीकडे वळलं की कुरुक्षेत्र, पुढे दक्षिणेला सूर्यवर्म्याची मिरवणूक आणि यमाचा दरबार, मग पूर्वेला मंथन. म्हणजे गाभारा तुमच्या डाव्या हाताला राहतो. आपली प्रदक्षिणा उजवीकडून, ही उलटी, अपसव्य. म्हणूनच काही अभ्यासक हे मंदिर राजाचं मृत्युस्मारकही असावं असं मानतात. परदेशी माणसाला हे समजवायला गाइडला दहा मिनिटं लागतात. श्राद्धाला जानवं उजव्या खांद्यावर घेतलेलं पाहिलेल्या मराठी माणसाला 'अपसव्य' हा एक शब्द पुरतो.

दक्षिणेच्या भिंतीवर यमाजवळ चित्रगुप्त आहे आणि खाली नरकाचे एकेक मजले. मुलं तिथून हलत नाहीत. त्याला रंगून पाहू द्या, "चल चल" करू नका.

कुरुक्षेत्राची भिंत मात्र सकाळी पाहू नका. ती पश्चिमेला, सकाळी सावलीत. तिच्यासाठी दुपारी साडेतीन-चारला या, तेव्हा मावळतीकडचं ऊन आत येतं. शरपंजरी भीष्म मोबाइलची बॅटरी न लावता दिसतो. भिंतीचा खालचा भाग शतकानुशतकं हात लागून काळा, गुळगुळीत, तेल पाजलेल्या लाकडासारखा झालाय. आता हात लावायला मनाई आहे, तरी मोह होतो.

म्हणून माझा क्रम असा असतो. सिएम रीपचं नवं विमानतळ 2023च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं. ते शहरापासून लांब आहे, गाडीनं तासभर धरा. उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे उठवायचं नाही. त्या दिवशी सकाळी बान्तेय स्रेईचं मंदिर, आणि दुपारी अंकोर वाटची दर्शनी बाजू. यात दुहेरी फायदा. कुरुक्षेत्र योग्य उजेडात दिसतं आणि कुठे उंबरा आहे, कुठे पायरी तुटकी आहे, हे सासूबाईंनी उजेडात पाहून ठेवलेलं असतं. मग तिसऱ्या दिवशी पहाट.

बान्तेय स्रेई छोटं आहे, सपाट आहे, गुडघ्यांना त्रास नाही. 967 सालचं, गुलाबी वालुकाश्मातलं, राजानं नाही तर यज्ञवराह नावाच्या राजदरबारातल्या पंडितानं बांधलेलं. वेरूळला कैलास लेण्यात 'रावण कैलास हलवतो' पाहिलं असेल. इथे तोच प्रसंग वीतभर-वीतभर आकृत्यांत कोरलाय. वेरूळचा रावण बळ लावतो. इथला दागिना वाटतो. दोन्ही पाहिलेल्या माणसाला ताडून बघण्यात जी मजा येते ती एकच पाहिलेल्याला नाही यायची. इथेही सकाळी लवकर जा, दहानंतर बसगाड्या येतात.

सासूबाईंचं काय, हा तुमचा खरा प्रश्न. अंकोर वाटला पश्चिमेच्या रस्त्यापासून तळ्यापर्यंतच अर्धा किलोमीटर चाल आहे. आत ओवऱ्या पातळीवर असल्या तरी दारादारांतून उंच पायऱ्या, उंच उंबरे. आवारात गाडी येत नाही. पण खाजगी टूरचा इथे एक फार मोठा उपयोग आहे आणि तो कुणी आपणहून सांगत नाही. ड्रायव्हरला सांगून ठेवा की आम्हाला पश्चिमेला सोड आणि पूर्वेच्या दाराशी येऊन थांब. मंथन पाहून झालं की मागच्या दारानं झाडीतून बाहेर. आल्या वाटेनं पुन्हा सगळं चालायचं वाचतं, आणि ती मागची वाट इतकी शांत असते की तेवढ्या चालीसाठी मी पुन्हा पुन्हा जाते. बससोबत गेलात तर हे जमत नाही, बस उभी असते तिथेच परत जावं लागतं.

त्यांना तेवढंही नको असेल तर स्रा स्रांग. हे मोठं जुनं तळं आहे. पश्चिम काठावर नाग आणि सिंह कोरलेला दगडी घाट, समोर पूर्वेला पाणीच पाणी. हेही पाचला उघडतं. गाडीतून उतरलं की जवळजवळ घाटावरच. कुठलं शिखर नाही, पण सूर्य खरोखर पाण्यातून वर येताना दिसतो, आणि दहा-वीस माणसांपलीकडे कुणी नसतं. सासूबाई आणि तुमचे यजमान तिकडे, तुम्ही आणि मुलगा अंकोर वाटला, असंही करता येतं. खाजगी टुकटुक दोन घ्यायला फार खर्च येत नाही. खरं सांगू, चौदा वर्षांनी मला विचाराल तर निव्वळ सूर्योदयासाठी मी स्रा स्रांगलाच जाते.

शेवटच्या दिवशी संध्याकाळचं विमान असेल तर सगळ्यांनीच हे करा: पहाट स्रा स्रांगला, आणि तिथून जवळच असलेल्या ता प्रोमला साडेसातला, दार उघडताच. भिंतींवर झाडांची मुळं चढलेलं ते मंदिर हेच. सातव्या जयवर्म्यानं 1186 मध्ये बांधलेलं, आणि तिथल्या शिलालेखात आवारात 12,640 माणसं राहत होती असं नोंदलंय, त्यात 615 नर्तकी. नऊनंतर प्रत्येक मुळापुढे फोटोसाठी रांग असते. साडेसातला त्या मुळांवरून ठिबकणारं दव ऐकू येतं. इथलं जतनाचं काम आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं कंबोडियाच्या लोकांबरोबर केलंय. त्याआधी 1986 ते 1993 या काळात अंकोर वाटलाही आपली माणसं काम करत होती, तेव्हा देशात यादवी चालू होती. रसायनांनी दगड धुतल्याबद्दल त्यांच्यावर पुढे टीकाही झाली, तीही गाइडकडून ऐका. आपलं म्हणून झाकून ठेवायचं कारण नाही.

आता तिकीट. मी लिहिते आहे तेव्हा एका दिवसाचा पास 37 डॉलर, तीन दिवसांचा 62. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस चालतो. तुम्ही दोन दिवस जरी फिरलात तरी दोन सुटे पास 74 ला पडतात, म्हणून तीन दिवसांचाच घ्या. बारा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पण पासपोर्ट जवळ हवा. पासवर तुमचा फोटो छापतात, त्यामुळे दुसऱ्याचा पास चालत नाही. ऑनलाइन आधी काढून ठेवा. पहाटे खिडकीशी रांगेत उभं राहून रंग हुकलेले लोक मी दर खेपेला बघते. टूरवाला जो आकडा सांगतो त्यात हा पास धरला आहे की नाही, हे पहिल्याच फोनवर विचारा. बहुतेक वेळा धरलेला नसतो, आणि मग वाद होतो.

मधल्या सगळ्यात वरच्या टप्प्याला 'बाकान' म्हणतात. जिना अतिशय उभा आहे. एका वेळी मोजकीच माणसं सोडतात आणि बारा वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. म्हणजे तुमच्या मुलाचं तिकीट वाचलं पण जिना गेला, हे त्याला पुण्यातच सांगून ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर मोठ्यांनाही परत पाठवतात, ओढणी गुंडाळलेली चालत नाही. सासूबाईंनी नऊवारी-पाचवारी काहीही नेसलं तरी चालतं, फक्त पायात पकड असलेली चप्पल असू द्या. आणि एक गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात मराठी माणसाच्या सोयीनं लिहिलेली नसते: बौद्ध पवित्र दिवशी बाकान बंद असतं. हे दिवस महिन्यातून चार, चांद्र तिथीनं येतात. घरातलं पंचांग काढा. पौर्णिमा, अमावस्या आणि दोन्ही अष्टम्या. क्वचित एखादा दिवस इकडेतिकडे होतो, पण अंदाज चुकत नाही. त्या दिवशी पहाट ठेवू नका असं नाही, वर जायची आशा ठेवू नका.

गाइड कसा निवडायचा? इंग्रजी किती छान बोलतो यावर निवडू नका. त्याला निघायच्या आधी एकच विचारा, "सूर्योदयानंतर आपण काय करायचं?" तो "हॉटेलला जाऊन नाश्ता, मग नऊला परत" म्हणाला तर दुसरा शोधा. "पूर्वेच्या ओवरीत जाऊ" म्हणाला तर तो तुमचा माणूस. हिंदी बोलणारे गाइड मिळतात म्हणून हॉटेलं सांगतात. माझा अनुभव असा की हिंदीपेक्षा महाभारताची आवड असलेला गाइड कामाचा. भाषेचं निभतं. आणि त्याला अधूनमधून गप्प राहायला सांगायला लाजू नका. काही जण सनावळ्या सुरू करतात त्या थांबतच नाहीत.

किरकोळ गोष्टी भराभर सांगते. डिसेंबरात पहाटे गारवा असतो, पातळ शाल पुरे. प्रत्येकाकडे बॅटरी हवी. आवारातली माकडं सिंहगडावरच्या माकडांपेक्षा निर्ढावलेली आहेत, पिशवीतून खाऊ काढायचा नाही, आणि चावलंच तर रेबीजची लस त्याच दिवशी. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या, जराशी फाटकी किंवा शाई लागलेली नोट तिथली भाजीवालीही घेत नाही. आत कुणी हातात उदबत्ती दिली तर ती घेतल्यावर दक्षिणा मागतात. द्यायची नसेल तर हसून हात जोडा, तिथेही नमस्कारच चालतो.

खाण्याचं. तिथल्या बहुतेक पदार्थांत माशाचा रस नाहीतर प्राहोक असतो. प्राहोक म्हणजे आंबवलेल्या माशांचा खर्डा, वासानं सुकटीची आठवण होते. भाजीवर मांस दिसलं नाही म्हणजे ती शाकाहारी झाली असं समजू नका, 'माशाचा रसही नको' असं वेगळं सांगावं लागतं. हॉटेल पहाटेसाठी डबा देतं, त्यात थंड पाव आणि केळं. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेते. पूर्वेच्या दाराबाहेर टुकटुकमध्ये बसून आठ वाजता खाल्लेल्या दशमीची चव पंचतारांकित नाश्त्याला नाही.

ढग आले तर? डिसेंबरात शक्यता कमी, पण येतात. मग रंग नाहीत. आणि तरी काहीही बुडत नाही, कारण तुम्ही मुळात ओवरीसाठी आला आहात. उलट ढगाळ दिवशी तळ्यावरची गर्दी लवकर कंटाळून पांगते.

एक छोटं राहिलं. पाया आणि आवाराच्या भिंती निरखून पाहा. वालुकाश्म कुलेन डोंगरातून आणलेला, पण बाहेरच्या मोठ्या भिंतीचा दगड लालसर, भोकं-भोकं असलेला. माझ्या एका गटात रत्नागिरीचे एक निवृत्त गवंडी होते. शिखरांकडे त्यांनी धड पाहिलंही नाही. त्या भिंतीवर थाप मारून म्हणाले, "हा तर आपला चिरा!" अगदी बरोबर, जांभाच तो. मग त्यांनी ओवरीच्या छताकडे मान वर करून पाहिलं, दगड पुढे पुढे सरकवत वर मिटवलेलं छत, चुना नाही, खरी कमान नाही, आणि गाइडला मराठीतच सांधे कसे बसवले असतील ते समजावायला लागले. गाइडला एक अक्षर कळत नव्हतं. दोघं वीस मिनिटं बोलत होते.

त्याच गटातल्या एक आजी मंथनाच्या भिंतीपुढे बसल्या आणि लग्नातल्या मंगलाष्टकांत येतात ती चौदा रत्नं बोटांवर मोजायला लागल्या. अकरावर अडकल्या. गाइडनं त्याची यादी इंग्रजीत सांगितली, ती वेगळीच निघाली, मग परत पहिल्यापासून. साडेआठला बाहेर पडायचं ठरलेलं, आम्ही सव्वानऊला निघालो. ड्रायव्हर पूर्वेच्या दाराशी झोळी बांधून झोपला होता.